जांभोराची दृष्ट

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात कुणी परदेशी जाऊन आला की आठवडाभर त्याच्या टेबलाशी उभं राहून फोटो बघावे लागतात. हा बर्फ, हे कबूतर, हा मी आणि मागे तो मनोरा. मी कधीच कुठे गेले नव्हते. पासपोर्ट होता, पण त्याचा उपयोग आजवर फक्त गॅसच्या कनेक्शनला पुरावा म्हणून झाला होता. तरीही मी हे प्रवासवर्णन लिहायला बसले आहे. कारण त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी आणि बिपिन ज्या प्रवासाला जाऊन आलो, तसा प्रवास त्या बर्फवाल्यांपैकी एकाच्याही नशिबी आला नसेल. मुक्काम कासार आंबोली, तालुका मुळशी. आमच्या ऑफिसच्या गच्चीवरून त्या बाजूचे डोंगर दिसतात. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आमच्याबरोबर तिसरा एक जण होता. त्याची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं.

त्याचं नाव जांभोर. तो या पृथ्वीवरचा नव्हे. त्याच्या ग्रहाला दोन सूर्य आहेत; एक मावळतो न मावळतो तोच दुसरा उगवतो, त्यामुळे तिथे रात्र म्हणून होतच नाही आणि कुणाचीच झोप पुरी होत नाही. हरणासारखे, सशासारखे जे काही प्राणी तिथे आहेत ते सगळे कायम पेंगुळलेले. जांभोर हा त्यांच्यावर जगणारा शिकारी. सहा पाय, वासराएवढा आकार, दुधावरच्या सायीच्या रंगाची लव, पिल्लांना अंगावर पाजतो. पण धावणं, झडप घालणं वगैरे तो करत नाही. तो सावजासमोर निवांत जाऊन बसतो आणि एक लांबलचक जांभई देतो. ती बघून सावजालाही जांभई येते, त्याचे डोळे मिटतात, आणि मग जांभोराचं पोट भरतं.

हा सगळा माझ्या डोक्यातला उद्योग. आम्ही परदेशातल्या एका क्लायंटसाठी कॉम्प्युटरवरचा खेळ बनवत होतो. त्यांच्या कागदावर फक्त ‘प्रिडेटर फोर’ असं लिहिलेलं होतं आणि खाली एक ओळ, ‘भयानक असावा’. आधीच्या तिघांना शिंगं, नख्या आणि तोंडातून उडणारं आम्ल देऊन झालं होतं. चौथ्याला मी जांभई दिली. क्लायंट म्हणाला, यात भयानक काय आहे?

केतकी मॅडम आमच्या टीमच्या प्रमुख. त्यांनी मला शेवटची संधी दिली. प्राण्याचा खराखुरा पुतळा करून घ्यायचा, उघड्या माळावर त्याचे चांगले फोटो काढायचे आणि सोमवारी पडद्यावरच्या बैठकीत सगळं क्लायंटपुढे ठेवायचं. “समोरच्याला जांभई आली तर तुझा प्राणी राहील,” त्या म्हणाल्या. “नाही आली तर त्याला शिंगं लागतील आणि सुषमा, तू बँकेच्या बटणांवर परत.” मी लातूरहून पुण्यात आले ती चित्रं काढायला. त्यानंतर दोन वर्षं मी एका बँकेच्या वेबसाइटची बटणं रंगवली. ‘पुढे’ हिरवं, ‘मागे’ राखाडी. जांभोर ही माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट होती जी कुणीही मागितली नव्हती आणि तरी मी केली होती. त्याला शिंगं लागलेली मला बघवली नसती.

पुतळा केला गणपतीच्या देखाव्यांमधले हलते राक्षस करणाऱ्या एका कारागिराने. इतका झकास केला की जीभ चिकटवताना तो स्वतःच जांभया देत होता. शेवटी मला फोन करून म्हणाला, “ताई, घेऊन जा लवकर, बाकीची कामं होईनात माझी.”

घोटावडे फाटा

शनिवारी सकाळी टेम्पो निघाला. पुढे ड्रायव्हरशेजारी मी, मागे जांभोर आणि त्याच्या मानेला मिठी मारून बसलेला बिपिन. बिपिन मूळचा नागपूरचा, आमच्या ऑफिसात कॅमेरा आणि प्रकाशाचं बघणारा. ताडपत्री माण गाव ओलांडेपर्यंत टिकली. पुढे वाऱ्याने ती उडाली ती थेट एका उसाच्या फडात गेली आणि आमचे पाहुणे उघड्यावर आले.

घोटावड्याला आम्ही मिसळ खायला थांबलो. कारखान्यांची पाळी सुटत होती. हॉटेलचा मालक गल्ल्यावरून उठून टेम्पोपाशी आला, कमरेवर हात ठेवून त्याने जांभोराकडे रोखून पाहिलं, आणि जबडा कडकन वाजेल अशी जांभई दिली. मग त्याने तोंडासमोर चुटकी वाजवली. त्याच्यामागे उभा असलेला कामगार जांभई देऊन चुटकी वाजवतो आहे तोवर त्याच्यामागचा सुरू झाला. पाहता पाहता टेम्पोभोवती नुसत्या चुटक्यांचा आवाज. आत वाढप्याने बाहेर डोकावून बघता बघता तर्रीची पळी मिसळीऐवजी बिपिनच्या बाहीवर ओतली.

“सुषमा,” बिपिन बाही झटकत ओरडला, “काम होऊन राहिलं ना आपलं!”

आमच्याकडे सकाळी सुशीला खातात. चुरमुऱ्यांचा तो प्रकार पोटाला आईसारखा वागतो. घोटावड्याची मिसळ सासूसारखी वागते. पण त्या दिवशी मला ती गोड लागली. सोमवारची चिंता मी तिथेच, त्या फाट्यावर, पावाबरोबर गिळून टाकली. माझं हे जरा घाईचंच झालं.

कासार आंबोली, शनिवार

पौड रस्त्यावरून आत वळलं की कासार आंबोली. रस्त्याकडेला शहरातल्या लोकांचे सुट्टीचे बंगले, लाल कौलांचे, बहुतेक वेळा कुलूप लावलेले. त्यांच्यामागे खरं गाव. भात झोडून झाला होता आणि पेंढ्याच्या गंजी रचलेल्या होत्या. आम्ही ज्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या ते नाना ओट्यावर बसले होते. रस्त्याकडची जमीन त्यांनी बंगलेवाल्यांना विकली होती, आतली कसत होते. टेम्पो त्यांच्या अंगणात लागला. सहा पायांचा, तोंड वासून बसलेला तो प्राणी खाली उतरवताना नाना जागचे हलले नाहीत.

“कंच्या देशाचं ह्ये?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “देशाचं नाही नाना, दुसऱ्या ग्रहावरचं आहे. खोटं आहे. आम्ही बनवलंय.”

“बनवलंय त्ये दिसतंया. गिरह कंचा म्हनलं.”

मी दोन सूर्यांचं सगळं सांगितलं. नानांनी डोळे बारीक करून ऐकलं आणि जांभई दिली. मग म्हणाले, “दोन सूर्य म्हंजी भाताची दोन पिकं निगत असत्याल. तितं जिमिनीचा भाव काय हाय?”

“नाना, तिथे माणसंच नाहीत.”

“मंग लवकर घ्याय पायजे,” नाना म्हणाले, “बंगलंवालं पोचायच्या आदी.”

नानांच्या बायकोला सगळे आक्का म्हणतात. त्या आतून हात पुसत आल्या आणि आधी त्यांनी बिपिनकडे पाहिलं. “ह्यो कोन तुजा?” मी म्हटलं, ऑफिसातला. “मंग ह्यो टेम्पोत झोपंल,” त्या म्हणाल्या. टेम्पो तर रविवारी संध्याकाळी येतो असं सांगून निघूनही गेला होता. तेव्हा बिपिनची रवानगी पडवीत झाली, जांभोराशेजारी. त्याचा निकाल लागल्यावरच त्यांची नजर जांभोराकडे वळली. त्यांनी जांभई दिली. पदर तोंडाला लावला. पुन्हा दिली. तिसरीला डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि जांभोराच्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, “आगं बया. केवढी दृष्ट लागलीया ह्याला!”

हे वाचणाऱ्या कुणाला माहीत नसेल तर सांगते. आपल्याकडे लेकराची दृष्ट काढताना काढणारीला जांभया येऊ लागल्या तर दृष्ट खरी. जितक्या जांभया तितकी दृष्ट जबर. हे लातूरला आहे आणि मुळशीतही आहे. या एका बाबतीत उभा महाराष्ट्र एक आहे. प्राणी बनवताना मला जगातलं सगळं सुचलं, एवढं मात्र सुचलं नाही. लहानपणी माझ्या आईने माझ्यावरून मीठमोहरी ओवाळताना कमी जांभया दिल्या असतील का? पण ऑफिसात बसून माणूस परग्रहाचा विचार करतो तेव्हा आई आठवत नाही.

“आक्का, ते त्याचं कामच आहे,” मी समजावलं. “तो शिकारी आहे. जांभई देऊन जनावरं खातो.”

“खाईना. लेकरू काय खात न्हाई व्हय? डोळं बग कसं पेंगुळल्यात.”

आधी जेवण झालं. तांदळाची भाकरी, पावट्याचं कालवण, मिरचीचा ठेचा. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दात लागतात. तांदळाची भाकरी बोलता बोलता संपते आणि मग माणूस किती खाल्ल्या हे विसरतो. बिपिनने त्या बाबतीत विदर्भाचं नाव राखलं. हात धुऊन आम्ही कॅमेरा काढला. मागच्या टेकडीवर वाळलेलं गवत सोन्यासारखं झालं होतं, असा उजेड पुन्हा मिळणार नव्हता. आणि आक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“फोटू न्हाई काडायचा. फोटू काडून काडूनच ह्याला लागली.”

“अहो, अजून एकही काढलेला नाही!”

“मंग लोकांनी बगून बगून लागली. दृष्ट उतरल्याबिगर ह्ये जनावर माज्या अंगनातनं हालायचं न्हाई. लागीर घेऊन लेकरू बाहीर काडत्यात व्हय कुनी?”

मी नानांकडे पाहिलं. नानांनी पेंढ्याच्या गंजीकडे पाहिलं. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा हे मला कळलं.

तिन्हीसांजेला पहिला प्रयत्न झाला. मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या. आक्कांनी जांभोरासमोर उभं राहून मूठ ओवाळली, तोंडाने आल्यागेल्याची, भुताखेताची म्हणत. आणि तो तोंड वासून समोरच बसलेला असल्यामुळे त्यांच्या दर दोन शब्दांत एक जांभई. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. आता तिखट धूर उठून ठसका लागला पाहिजे, तरच दृष्ट गेली. पण अंगणात वारा होता. धूर सरळ बंगल्यांकडे गेला. कुणी खोकलं नाही.

“बगितलं? मिरच्या जळल्या नि वास न्हाई,” आक्का जमलेल्या बायकांना म्हणाल्या. जमलेल्या सगळ्याच जांभया देत होत्या. त्या एकमेकींकडे बघत मान हलवू लागल्या. प्रकरण हाताबाहेर गेलं आहे यावर आळीचं एकमत झालं.

मी अंथरुणावर पडले ती मनाशी बटणं मोजतच. हिरवं, राखाडी, हिरवं. मला रडू येत होतं आणि ज्या गोष्टीपायी रडू येत होतं ती कुणाला सांगितली तर हसतील, हेही कळत होतं.

कासार आंबोली, रविवार

सकाळी मी बाहेर आले तर आक्कांनी जांभोराला रात्रीची थंडी लागू नये म्हणून गोधडी घातलेली. शेजारी बिपिन नुसत्या चादरीत कुडकुडत होता. “मले कोणी नाही विचारलं,” तो म्हणाला.

बातमी पोचायला वेळ लागला नाही. लवळ्याच्या कॉलेजातली पोरं रिक्षा भरून आली. त्यांतला एक चष्मेवाला मला म्हणाला, “मॅम, सहा पाय बायोलॉजिकली जस्टिफाय होत नाहीत.” एवढं बोलून त्याने अशी जांभई दिली की चष्मा नाकावरून घसरला. दुसऱ्याने मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आक्का केरसुणी घेऊन आल्या. रिक्षा आली त्याहून वेगाने गेली.

मग आक्कांनी चौकशी मांडली. दृष्ट कुणाची, हे कळलं तर इलाज सोपा. ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती आणायची, मीठमिरच्यांत घालायची आणि ओवाळून जाळायची. रामबाण. “पैल्यांदा कुनी रोकून बगितलं ह्याला? आठव, पोरी.”

मी आठवून सांगितलं. घोटावड्याचा हॉटेलवाला. कमरेवर हात ठेवून, टक लावून.

“त्योच,” आक्का म्हणाल्या. “खान्याच्या धंद्यावाल्याची नजर लई वंगाळ.”

आता टेम्पो संध्याकाळी येणार, उद्या सोमवार, आणि माझा प्राणी एका माणसाच्या पायाखालच्या चिमूटभर मातीसाठी अडकलेला. मी बिपिनकडे पाहिलं. बिपिन इंजिनियर आहे. त्याने आधी दृष्ट, अंधश्रद्धा आणि आपल्या देशाचं काय होणार यावर एक लहानसं भाषण दिलं. मग नानांच्या मोटरसायकलची किल्ली मागितली.

पुढचं त्याच्याकडून ऐकलेलं. हॉटेलात गर्दी होती. बिपिन गल्ल्यापाशी गेला आणि सरळमार्गी माणूस असल्याने खरं तेच बोलला, “काका, जरा पाय उचलता का? खालची माती पाहिजे होती.” मालकाने कारण विचारलं. बिपिनने तेही खरं सांगितलं.

“माजी नजर लागली म्हनतुया? माजी?” मालक भडकला. “आरं, मी डोळं भरून कवा सोताच्या बायकुकडं बगितलं न्हाई! जा, न्हाई उचलत पाय.” आणि दोन्ही पाय रोवून बसला.

बिपिनने नाइलाजाने पुन्हा मिसळ मागवली. ती संपली तरी मालक हलेना. म्हणून भजी मागवली. शेवटी एका गिऱ्हाइकाने पाव शिळा आहे म्हटलं, तेव्हा मालक तावातावाने उठला आणि बिपिनने गल्ल्यामागे मुसंडी मारली. पाहतो तर खाली शहाबादी फरशी. माती औषधालासुद्धा नाही. होतं ते असं: फरसाण, तिखट शेवेचा चुरा, वाळलेली तर्री आणि कांद्याची दोन सालं. त्याने तेच कागदात गोळा केलं आणि मोटरसायकलवर टांग टाकली. मागून कुणीतरी ओरडत होतं म्हणे.

आक्कांनी पुडी उघडून हुंगली. “माती अशी कशी गं लाल?”

“तिकडची तशीच आहे,” बिपिन शुद्ध पुणेरीत म्हणाला. घाबरला की तो पुणेरी बोलतो.

या वेळी आक्कांनी जांभोराला पडवीत आतल्या बाजूला घ्यायला लावलं, वारा नको म्हणून. सगळी आळी जमली. ओवाळणं झालं, जांभया झाल्या, चुटक्या झाल्या, आणि ते सगळं मिश्रण निखाऱ्यावर पडलं.

शेव तेलात तळलेली असते आणि घोटावड्याच्या तर्रीबद्दल मी आधीच बोलले आहे. एक निळसर धूर उठला आणि पडवीतल्या एकूण एक माणसाला ठसका लागला. नाना खोकत ओट्यावरून खाली उतरले. कोंबड्या उडून गंजीवर जाऊन बसल्या. मला तर श्वासच घेता येईना. आणि त्या धुराच्या मधोमध, डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत, आक्का विजयाने ओरडत होत्या, “गेली! गेली! आता काडा तुमचा फोटू!”

टेकडीवर

नानांच्या भावकीतल्या चौघांनी जांभोराला खांद्यावर घेऊन टेकडीवर नेलं. वर गेल्यावर मी क्षणभर सगळं विसरले. गुडघ्याएवढं पिवळं गवत वाऱ्यावर एका अंगाला झुकत होतं, खाली कापणी झालेल्या खाचरांचे तुकडे, पलीकडे एकामागे एक निळे होत गेलेले डोंगर. त्या गवतात जांभोर बसवला आणि वाटलं, हा इथलाच. कुठूनतरी एक बंगला चित्रात यायचा आणि परग्रहावर लाल कौलं दिसायची. बिपिन झोपून, वाकून, एकदा काटेरी झुडपात शिरून तो टाळत होता.

चरता चरता एक शेळी आली. जांभोरासमोर उभी राहिली. बिपिनने कॅमेरा सरसावला. शेळीने त्याच्या उघड्या तोंडात निरखून पाहिलं, रवंथ केलं, त्याच्या पायाजवळचं गवत खाल्लं आणि निघून गेली.

“शेळीला काय कळतं,” बिपिन म्हणाला.

मग मी खांदेकऱ्यांकडे पाहिलं. चौघेही जांभोराकडे बघत गप्पा मारत होते. एकानेही जांभई दिली नव्हती. नाना वर आले, त्यांनी प्राण्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, “आता कसं हुशार दिसतंया.” मी स्वतः समोर जाऊन त्याच्या गुलाबी टाळूकडे बघत उभी राहिले. काही नाही. बिपिनला उभं केलं. काही नाही.

मी स्वतःला सांगितलं की मिरचीच्या धुराने सगळ्यांची झोप उडाली आहे, दुसरं काय असणार. पण खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं. आक्कांनी त्याची दृष्ट काढली होती, जांभईसकट. आणि त्याच्यापाशी तेवढी एकच गोष्ट होती.

संध्याकाळी टेम्पो आला. आम्ही सामान आवरत असताना आक्काच जांभोरापाशी होत्या. त्याला गोधडीत त्यांनीच गुंडाळलं आणि ती परत करायची नाही असं बजावलं. मला त्यांचा इतका राग आला होता की मी नीट वाकून नमस्कारही केला नाही. त्यांनी माझ्या पिशवीत आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडी कोंबली आणि म्हणाल्या, “रडतीस कशापायी? चांगलं झालं की त्ये.”

हिंजवडी, सोमवार

बैठकीला उशीर झाला होता. गोधडी सोडून जांभोराला कसाबसा कॅमेऱ्यापुढे ढकलला आणि पडदा लागला. क्लायंटकडचा प्रमुख एक टक्कल पडलेला, कायम उभ्यानेच बोलणारा माणूस होता. त्याच्या मागे त्याची माणसं कॉफी घेऊन बसलेली. तिकडे भल्या पहाटेची वेळ. जांभई येण्यासाठी याहून चांगला मुहूर्त नव्हता.

सगळ्यांनी जांभोराकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या तोंडांकडे पाहिलं. कुणीही जांभई दिली नाही. केतकी मॅडम माझ्याकडे न बघता वहीवर रेघा मारू लागल्या. मला समोर हिरवी आणि राखाडी बटणं दिसू लागली.

तेवढ्यात तो प्रमुख पुढे वाकला. “त्याच्या गालावर ते काळं काय आहे?”

मी वळून पाहिलं. डाव्या डोळ्याखाली, सायीच्या रंगाच्या लवेवर, काजळाची टपोरी तीट. बोटाने लावलेली, जरा पसरलेली. पुन्हा कुणाची नजर लागू नये म्हणून.

“अच्छा!” तो माणूस एकदम खूश झाला. “नेम धरायची जागा! गोळी तिथेच मारायची ना? छान आहे. हे मला आवडलं. मग जांभई तशीच असू द्या.”

केतकी मॅडमनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. अर्थ स्पष्ट होता. हो म्हण. एवढं एक हो म्हटलं की जांभोर वाचत होता, मी वाचत होते. आणि मग जगभरची पोरं रोज त्या तिटेवर नेम धरून त्याला मारणार होती. मला परवापासून रडू येत होतं ते थांबलं आणि त्या जागी सरळ संताप आला.

“नाही सर,” मी म्हटलं. माझं इंग्रजी लातूरचं आहे, पण त्या दिवशी ते अडखळलं नाही. “ती मारायची जागा नाही. ती आईने लावलेली खूण आहे. ती असली की त्याला काहीच लागत नाही. गोळीसुद्धा.”

“मग तो मरतो कसा?”

“मरत नाही.”

“मग खेळणाऱ्याने करायचं काय?”

बिपिन मागून म्हणाला, “बाजूनं निघून जायचं, सर.”

त्यांनी आवाज बंद केला. पडद्यावर ते लोक बराच वेळ आपसात बोलत राहिले, हातवारे करत, मूकपटासारखे. एक बाई काहीतरी सांगताना स्वतःच्या गालाला हात लावत होती. केतकी मॅडमचा पाय अजून माझ्या पायावर होता. मग आवाज आला.

“ठीक आहे,” तो माणूस म्हणाला. “खेळात एक प्राणी तसा असू द्या.”

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून नानांच्या घरी फोन लावला. आक्कांनी उचलला. सॉरी म्हणावं तर त्यांना ते कशाबद्दल हे कळलं नसतं. मी एवढंच सांगितलं की तुम्ही लावलेली तीट तिकडच्या लोकांनी ठेवून घेतली, जगात जिथे जिथे हा खेळ जाईल तिथे जांभोर तिटेसकट जाणार.

“मंग?” आक्का म्हणाल्या. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. “पर त्यास्नी सांग, रोज नव्यानं लावायची. न्हाऊ घातलं की पुसतं त्ये.”